सार्वजनिक निसर्गदर्शन दुर्बिणीसाठी विशालनाची निवड : जिंतूर परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

जिंतूर शहरापासून सुमारे ३ किलोमीटर अंतरावर असलेली नेमगिरी ही टेकडी तेथील जैन गुंफामंदिरांमुळे महाराष्ट्रात आणि महाराष्ट्राबाहेरही परिचित आहे. येथे वर्षभर यात्रेकरू येतात. त्यांत लहान मुले असतात, शाळांच्या सहली असतात आणि मुलांनी आग्रहाने आणलेले वृद्ध आईवडीलही असतात. दर्शन आटोपले की ही मंडळी काही वेळ उघड्यावर उभी राहून खालचा परिसर न्याहाळतात. अजिंठ्याच्या डोंगररांगेचे फाटे, त्यांमधील काळी शेते, रस्ते आणि वस्त्या असा हा देखावा आहे. अशा एखाद्या उंच जागी लोकवर्गणीतून एक कायमस्वरूपी दुर्बीण बसवावी, अशी कल्पना काही उत्साही नागरिकांनी मांडली आणि भौतिकशास्त्राचा अध्यापक या नात्याने प्रस्तुत लेखकाकडे विचारणा केली. त्यांचा प्रश्न एकच होता : 'सर, किती पॉवरची घ्यावी?'

प्रश्न साधा वाटतो, आणि त्याचे प्रचलित उत्तरही साधे आहे. पैसे पुरतील तितकी जास्त. दुकानदारही हेच सांगतो. साठ मिलिमीटरच्या भिंगाची, पेटीवर '५२५ पट' असे ठळक छापलेली दुर्बीण बाजारात सहज मिळते आणि ती पाहिल्यावर वीस पट विशालनाची दुर्बीण सुचविणारा सल्लागार कंजूष किंवा अज्ञानी ठरतो. सार्वजनिक ठिकाणी, दिवसाच्या प्रकाशात, जमिनीवरील दृश्य पाहण्यासाठी जी दुर्बीण वापरावयाची तिचे विशालन मुद्दाम कमी का ठेवावे, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे. आकाशदर्शनाच्या दुर्बिणीचा विचार येथे केवळ तुलनेपुरताच आला आहे.

एक प्रसंग

शास्त्रीय विवेचनाकडे वळण्यापूर्वी एक अनुभव नोंदविणे आवश्यक वाटते, कारण लेखकाचे मत पुस्तकापेक्षा या अनुभवामुळे बदलले. नागरिकांच्या विचारणेनंतर आम्ही काही विद्यार्थी आणि अध्यापक एक दुर्बीण घेऊन टेकडीवर गेलो. दिवस फेब्रुवारीचा, वेळ साधारण अकराची. दुर्बिणीच्या पदार्थभिंगाचा व्यास ८० मिमी आणि नाभीय अंतर ४०० मिमी होते. सोबत दोन नेत्रिका होत्या, एक ५ मिमी नाभीय अंतराची आणि दुसरी २० मिमीची. पदार्थभिंगाच्या नाभीय अंतराला नेत्रिकेच्या नाभीय अंतराने भागले की विशालन मिळते. म्हणजे पहिल्या नेत्रिकेने ८० पट आणि दुसरीने २० पट. साहजिकच विद्यार्थ्यांनी पहिली लावली.

दीडएक किलोमीटरवरच्या एका शेतातील विहिरीवर रोख धरला होता. येणारे-जाणारे कुतूहलाने थांबू लागले. प्रत्येकाने डोळा लावला, मान हलवली, 'हो, दिसलं' म्हटले आणि पुढच्याला जागा दिली. आमचे समाधान झाले. मग एक वृद्ध बाई आल्या. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली, डोळ्यांवर जाड काचांचा चष्मा. चष्मा काढून त्यांनी बराच वेळ डोळा लावला.

'दिसलं का आजी?' विद्यार्थ्याने विचारले.

'दिसलं की लेकरा.'

'काय दिसलं?'

आजी क्षणभर थांबल्या. 'उजेड दिसला बघ,' त्या म्हणाल्या.

त्या उत्तराने आम्हाला खजील केले. आधीच्या मंडळींपैकी कितीजणांनी केवळ भिडेखातर 'दिसलं' म्हटले असेल? शिकलेल्या माणसांसमोर, मागे रांग उभी असताना, आपल्याला काही दिसत नाही हे कबूल करणे कोणालाही जड जाते. विद्यार्थ्याने नेत्रिका बदलली, २० पटीची लावली आणि आजींना चष्म्यासकट पुन्हा पाहावयास सांगितले. या वेळी त्यांना काही विचारावे लागले नाही. 'अगं बाई, बैलं पाण्यावर आलेत,' त्या म्हणाल्या. 'त्या पांढऱ्याचं डावं शिंग मोडलंय.'

(शिंग वास्तविक उजवे होते. आकाशदर्शनाच्या दुर्बिणीत सोयीसाठी जो तिरपा आरसा बसविलेला असतो त्याने डावे-उजवे उलटते. याविषयी पुढे.)

चौपट कमी विशालनात चौपट लहान प्रतिमा दिसली, आणि तरीही मोडलेले शिंग त्याच प्रतिमेत दिसले. असे का झाले, याची कारणे एकमेकांत गुंतलेली आहेत. त्यांतील सर्वांत मोठे कारण दुर्बिणीत नसून तिच्यापुढच्या हवेत आहे.

हवेची मर्यादा

कोन मोजण्यासाठी पंचांगात अंश, कला आणि विकला ही मापे वापरतात. १ अंशाच्या ६० कला आणि १ कलेच्या ६० विकला. निरोगी मानवी डोळा साधारणतः १ कला, म्हणजेच ६० विकला इतक्या अंतरावरील दोन बिंदू वेगळे ओळखू शकतो. १ किलोमीटरवर हे अंतर सुमारे २९ सेंटिमीटर भरते. दुर्बिणीचे काम एवढेच की, लहान कोन मोठा करून तो डोळ्याच्या या मर्यादेच्या वर आणणे.

८० मिमी व्यासाचे चांगले भिंग सुमारे दीड विकलेपर्यंतचा तपशील वेगळा करू शकते. पुस्तकी नियमानुसार भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये घेऊन त्याची दुप्पट केली की उपयुक्त विशालनाची कमाल मर्यादा मिळते. ८० मिमीसाठी ती १६० पट आणि ६० मिमीसाठी १२० पट येते. (पेटीवरच्या ५२५ पटीचा निकाल येथेच लागतो.) या नियमाने आमची ८० पटीची नेत्रिका पूर्णतः बिनधोक होती. परंतु हा नियम भिंगाचा आहे, हवेचा नव्हे.

हवेचा अपवर्तनांक तापमानावर अवलंबून असतो. तापमान १ अंश सेल्सिअसने बदलले की तो सुमारे एक दशलक्षांशाने बदलतो. बदल नगण्य वाटतो, पण प्रकाशकिरण जेव्हा शेकडो मीटर अशा तापलेल्या आणि थंड हवेच्या मिसळत्या पुंजक्यांमधून जातो, तेव्हा तो सतत किंचित इकडेतिकडे वळत राहतो. रात्री डोक्यावरचा तारा पाहताना प्रकाश जमिनीलगतच्या अस्थिर हवेतून थोडाच वेळ प्रवास करतो. निसर्गदर्शनात मात्र संपूर्ण प्रवासच जमिनीलगत आणि आडवा असतो, तोही दिवसा. त्यात आपली जमीन काळी. काळी माती आणि उघडा बेसाल्ट खडक ऊन झपाट्याने शोषतात आणि वरच्या हवेला तापवतात. आपल्याकडे याला 'झळा' हा नेमका शब्द आहे. मराठवाड्यात एप्रिलच्या दुपारी बांधावरून समोर पाहिले तर नुसत्या डोळ्यांनाही झाडांचे बुंधे थरथरताना दिसतात. दुर्बीण तपशील वाढवते, तशीच ती थरथरही वाढवते.

एक साधा हिशेब करून पाहू. समजा, हवेमुळे प्रतिमा ५ विकलांनी हेलकावते. (ही संख्या हिशेबापुरती आहे. ती तासागणिक आणि जागेगणिक बदलते.) अशा हवेत ५ विकलांपेक्षा सूक्ष्म तपशील कोणतेही भिंग स्थिर दाखवू शकत नाही. ५ विकला डोळ्याच्या ६० विकलांपर्यंत नेण्यास १२ पट विशालन पुरते. डोळ्यावर ताण पडू नये म्हणून त्याची दुप्पट करू, म्हणजे २४ पट. त्यापुढे नेल्यास नवा तपशील मिळत नाही, फक्त अस्पष्टता मोठी होते. ८० पटीला हीच थरथर ४०० विकलांची, म्हणजे जवळजवळ ७ कलांची होते, आणि बैलाच्या शिंगाची कड कढईतल्या तेलावरच्या प्रतिबिंबासारखी वितळत राहते. पहाटेच्या शांत हवेत थरथर ३ विकलांवर आली तर ४० पट चालते. वैशाखात दुपारी ती १० विकलांवर गेली तर १२ पटच उपयोगाची. सार्वजनिक दुर्बिणीकडे लोक पहाटे येत नाहीत. ते दहा ते पाच या वेळातच येतात. हा एक मुद्दा जरी लक्षात घेतला तरी विशालनाची निवड १५ ते २५ पट या पट्ट्यात येऊन थांबते.

जागा निवडतानाही हेच तत्त्व उपयोगी पडते. दृष्टिरेषा जमिनीपासून जितकी उंचावरून जाईल तितक्या झळा कमी. दरीवरून किंवा पाण्यावरून पाहणे हे तापलेल्या माळावरून पाहण्यापेक्षा केव्हाही चांगले. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. त्याच्या काठावरून पलीकडे पाहताना दृष्टिरेषा खोल खळग्यावरून जाते, म्हणून दुर्बिणीसाठी ती जागा सपाट माळापेक्षा अनुकूल ठरावी. उलट दुर्बीण सिमेंटच्या ओट्यावर किंवा पत्र्याच्या छपरालगत बसविली तर झळा आपण स्वतःच तिच्या तोंडाशी निर्माण करतो. गवत आणि झाडाची सावली हा यावरील सर्वांत स्वस्त उपाय होय.

प्रकाशशलाका आणि डोळ्याची बाहुली

नेत्रिकेतून बाहेर पडणाऱ्या प्रकाशशलाकेला ठरावीक जाडी असते. पदार्थभिंगाच्या व्यासाला विशालनाने भागले की ती मिळते. आमच्या दुर्बिणीत २० पटीला ही शलाका ४ मिमी जाड होती आणि ८० पटीला १ मिमी. दिवसाच्या प्रकाशात डोळ्याची बाहुली साधारणतः २ ते ३ मिमी असते. म्हणजे पहिल्या वेळी शलाका बाहुलीपेक्षा जाड होती. डोळा थोडा इकडेतिकडे झाला तरी प्रकाश आत जात होता आणि दृश्य नुसत्या डोळ्यांनी दिसावे तितके उजळ होते. दुसऱ्या वेळी शलाका सुईसारखी बारीक. ३ मिमीच्या बाहुलीच्या क्षेत्रफळाचा तो जेमतेम नववा भाग, म्हणून प्रतिमाही तितकीच मंद. शिवाय एवढ्या बारीक शलाकेत डोळ्याच्या आतील द्रवात तरंगणाऱ्या कणांच्या आणि धाग्यांच्या सावल्या पडद्यावर उमटतात. वयस्क माणसांना हे कण अधिक जाणवतात. 'आत जाळं दिसतंय' अशी जी तक्रार ऐकू येते, ती बहुधा भिंगावरच्या धुळीची नसते.

प्रथमच दुर्बिणीत पाहणाऱ्याला डोळा नेमका कोठे ठेवावा हे माहीत नसते. ही बाब आपण अभ्यासक विसरून जातो. सरावलेला डोळा १ मिमीची शलाका क्षणात शोधतो, नवखा डोळा तिच्याभोवती घुटमळत राहतो आणि त्याला कधी काळोख, कधी नुसता उजेड दिसतो. आजींचे उत्तर शास्त्रीयदृष्ट्या अगदी अचूक होते.

चष्म्याचा प्रश्न याहून गंभीर आहे. नेत्रिकेपासून विशिष्ट अंतरावर डोळा ठेवला तरच संपूर्ण दृश्य दिसते. सर्वसाधारण रचनेच्या नेत्रिकेत हे अंतर तिच्या नाभीय अंतराच्या सुमारे दोन तृतीयांश असते. २० मिमीच्या नेत्रिकेत ते १३-१४ मिमी मिळते, ५ मिमीच्या नेत्रिकेत केवळ ३-४ मिमी. चष्मा घातलेल्या माणसाचा डोळा यापेक्षा जवळ येऊच शकत नाही, कारण मध्ये काच असते. चष्मेवाल्यांसाठी किमान १५ आणि शक्यतो १८ ते २० मिमी अंतर देणारी नेत्रिका घ्यावी, असे लेखकाचे स्पष्ट मत आहे. ज्याला चष्मा काढावा लागतो त्याच्यासाठी दुर्बीण पुन्हा जुळवावी लागते आणि सार्वजनिक ठिकाणी ती कोणी जुळवून देत नाही.

जुळवणीचा हिशेब

येथे एक गणित मुद्दाम सविस्तर द्यावेसे वाटते, कारण सामान्य पुस्तकांत ते सहसा आढळत नाही. दुर्बीण क्षितिजाकडे जुळवून ठेवली आणि तीतून १ किलोमीटरवरील वस्तू पाहिली, तर डोळ्याला किती जुळवून घ्यावे लागेल? उत्तर विशालनाच्या वर्गावर अवलंबून असते. अंतर मीटरमध्ये घेऊन विशालनाच्या वर्गाला त्याने भागले की ज्याला आपण 'चष्म्याचा नंबर' म्हणतो त्या डायॉप्टर मापात फरक मिळतो. २० पटीला ४०० भागिले १०००, म्हणजे ०.४ नंबर. ८० पटीला ६४०० भागिले १०००, म्हणजे ६.४ नंबर.

विशीतल्या मुलाचा डोळा सहा-सात नंबरांचा फरक क्षणात भरून काढतो आणि त्याला काही जाणवतही नाही. साठीनंतर ही क्षमता एखाद्या नंबराइतकीच उरते आणि मोतीबिंदू काढून बसविलेल्या साध्या कृत्रिम भिंगात ती जवळजवळ नसतेच. म्हणजे विद्यार्थ्याला स्वच्छ दिसणारी दुर्बीण त्याच्या आजोबांना धूसर दिसणार, आणि आजोबांची नजर कमजोर म्हणून आपण तो विषय सोडून देणार.

अर्ध्या नंबराचा फरक कोणालाही खपतो असे मानू. मग २० पटीची दुर्बीण ८०० मीटरवर जुळवून कायमची घट्ट केली तरी ४०० मीटरपासून क्षितिजापर्यंतचे सर्व काही पुरेसे स्पष्ट दिसते. फिरवावयाचे चाकच उरत नाही, त्यामुळे ते बिघडण्याचा प्रश्नही राहत नाही. ८० पटीला शलाका बारीक असल्याने थोडी सवलत मिळते. ती धरूनही सुमारे २ किलोमीटरच्या आतील प्रत्येक वस्तूसाठी चाक फिरवावेच लागते. सार्वजनिक दुर्बिणीचे चाक ही सर्वांत आधी निकामी होणारी गोष्ट आहे.

दृष्टिक्षेत्र, कंपन आणि रोख

५० अंशांचे दृश्य देणारी नेत्रिका घेतली तर २० पटीला प्रत्यक्ष दृष्टिक्षेत्र २.५ अंश आणि ८० पटीला ०.६ अंशाच्या किंचित वर. दीड किलोमीटरवर पहिल्यात सुमारे ६५ मीटर रुंदीचा पट्टा मावतो. त्यात विहीर, बैल, बांध आणि बांधावरचे लिंबाचे झाड हे सर्व एकत्र येते. दुसऱ्यात केवळ १६ मीटर. समोरचा नुसता हिरवा-करडा तुकडा कशाचा आहे हे कळण्यास आजूबाजूचे काही दिसावे लागते. नुसत्या डोळ्यांनी पाहिलेले झाड दुर्बिणीत पुन्हा ओळखता आले तरच मनात दोन्ही दृश्यांची सांगड बसते. ती बसली नाही तर दुर्बिणीतले दृश्य म्हणजे कोठले तरी चित्र, एवढाच अर्थ उरतो.

कंपनाविषयी फार लिहावयास नको. नळीच्या मध्यबिंदूपासून २० सेंटिमीटरवर असलेल्या नेत्रिकेला हाताचा १ मिमी धक्का लागला की रोख ०.३ अंशाने सरकतो. २० पटीला दृश्याचा नववा हिस्सा हलतो, ८० पटीला जवळजवळ अर्धे दृश्य निघून जाते. लोक दुर्बिणीला हात लावणारच. फलक लावून ते थांबत नाही.

थोडी ऐतिहासिक साक्ष

'दुर्बीण' हा शब्द फारसीतून आला. 'दूर' आणि 'बीन', म्हणजे दूरचे पाहणारी. मोठे करून दाखविणे हा अर्थ त्यात नाही, दूरचे दिसणे एवढाच आहे. या यंत्राच्या इतिहासातील पहिले गाजलेले प्रदर्शनही आकाशाचे नव्हते. १६०८ साली हॉलंडमध्ये हान्स लिपरशे याने दुर्बिणीच्या हक्कासाठी अर्ज केला. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १६०९ मध्ये, गॅलिलिओने व्हेनिस येथील सेंट मार्कच्या मनोऱ्यावर तेथील सरदारांना नेऊन आपली दुर्बीण दाखविली. वयोवृद्ध सरदार मनोऱ्याच्या पायऱ्या चढले. नुसत्या डोळ्यांना दिसण्याच्या दोन तास आधी त्यांना समुद्रावरची जहाजे दिसू लागली. त्या दुर्बिणीचे विशालन होते अवघे आठ-नऊ पट. चंद्रावरचे डोंगर आणि गुरूचे उपग्रह पाहण्यासाठी त्याने पुढे सुमारे वीस पटीची दुर्बीण वापरली. आज आपण शाळकरी मुलाच्या हाती '५२५ पट' देतो आणि त्याला चंद्रही धड सापडत नाही.

गॅलिलिओच्या दुर्बिणीतील प्रतिमा सुलट होती, हेही येथे महत्त्वाचे. दोन बहिर्वक्र भिंगांची जी रचना पुढे रूढ झाली, तीत प्रतिमा उलटी दिसते. ताऱ्यांना वर-खाली नसते, म्हणून खगोलशास्त्रज्ञांचे अडत नाही. माणसे डोक्यावर चालताना दाखवून मात्र लोकांचे समाधान होणार नाही. तिरपा आरसा लावल्यास प्रतिमा सरळ होते, पण डावे-उजवे उलटते आणि एस.टी.च्या पाटीवरचे गावाचे नाव वाचता येत नाही. यासाठी लोलक बसविलेली, पूर्णतः सुलट प्रतिमा देणारी जमिनीवरची दुर्बीणच खरेदी करावी. आकाशदर्शनाची स्वस्त दुर्बीण आणून ती टेकडीवर ठोकण्याचा मोह टाळावा.

मग किती?

आमचे एक सहकारी प्राध्यापक यावर म्हणाले, 'मग आठ पटीचीच घ्या, गॅलिलिओला पुरली.' आक्षेप योग्य आहे. मात्र आठ-दहा पटीची जोडदुर्बीण हातात धरूनही चालते. कायमचा स्टँड उभारण्याचा खर्च करावयाचा तर हाताने जे जमत नाही ते मिळाले पाहिजे. शिवाय टेकडी चढून आलेल्या माणसाला काहीतरी नवल दिसावे, ही अपेक्षाही गैर नाही. वीस पटीला १ किलोमीटरवरील वस्तू ५० मीटरवर असल्यासारखी दिसते. ५० मीटरवर आपण माणूस चालीवरून ओळखतो, बैलाची शिंगे पाहतो, कळस मोजतो.

ठिकाणानुसार यात थोडा फरक करावा लागेल. जिंतूर तालुक्यातच पूर्णा नदीवर येलदरी धरण आहे. तेथील विस्तीर्ण जलाशयासारख्या ठिकाणी पक्षी पाहण्यासाठी (अर्थात आवश्यक त्या परवानगीने) दुर्बीण बसवावयाची झाल्यास २५ ते ३० पट चालेल, कारण पाण्यावर सकाळी झळा कमी असतात. पण तेथेही घाई नको. सुमारे ९५ सेंटिमीटर उंचीचा रंगीत करकोचा १ किलोमीटरवर उभा असेल, तर २० पटीला त्याची उंची पौर्णिमेच्या चंद्राच्या दुप्पट दिसते. चोच, पिसांचा रंग, पाण्यातली हालचाल ओळखण्यास ती पुरेशी आहे. नाशिक जिल्ह्यातील नांदूर मधमेश्वर २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाले. अशा ठिकाणी जाणारे पक्षीनिरीक्षक २० ते ६० पट बदलत्या विशालनाच्या दुर्बिणी वापरतात. मात्र त्यांतील अनुभवी माणूस पक्षी शोधतो तो २० वरच आणि ६० वर जातो ते क्वचित, सकाळच्या हवेत. ही विवेकबुद्धी सरावाने येते. सार्वजनिक जागी बदलती नेत्रिका ठेवली तर पहिला येणारा ती शेवटच्या आकड्यापर्यंत फिरवतो आणि नंतरचे सर्वजण त्याच अंधुक ६० पटीत डोकावून खाली उतरतात. म्हणून नेत्रिका एकच, न बदलणारी असावी.

महाबळेश्वर, माथेरान येथील दुर्बीणवाल्यांकडून मात्र शिकण्यासारखे आहे. ते आधी रोख धरतात, मग गिऱ्हाईकाला बोलावतात आणि तो पाहत असताना काय पाहावयाचे ते सांगत राहतात. 'मध्ये पांढरं दिसतंय का? त्याच्या उजवीकडं बघा.' हे बोलणे म्हणजे जणू यंत्राचाच एक भाग आहे. माणूस नेमणे शक्य नसेल तर दुर्बिणीशेजारी देखाव्याचे एक रेखाचित्र दगडावर कोरून ठेवावे, ज्यात प्रत्येक गावाचे, कळसाचे, डोंगराचे नाव असेल.

दोन खबरदाऱ्या

पहिली सूर्याची. दुर्बिणीतून सूर्याकडे क्षणभर पाहिले तरी डोळा कायमचा जाऊ शकतो. विशालन कमी असल्याने हा धोका कमी होत नाही. दुर्बिणीची वर आणि आडवी फिरण्याची मर्यादा लोखंडी अडसराने बंद केली पाहिजे आणि उगवतीच्या किंवा मावळतीच्या सूर्याच्या वाटेत तिचा रोख येताच कामा नये. सूर्यास्त दाखविणारी दुर्बीण ही कल्पनाच मुळात चुकीची आहे.

दुसरी खबरदारी ग्रंथांत आढळत नाही. टेकडीखाली माणसे राहतात. ६०० मीटरवरचे अंगण २० पटीला ३० मीटरवर येते, ८० पटीला साडेसात मीटरवर. गच्चीवर केस वाळविणारी बाई, नदीवर धुणे धुणाऱ्या बायका, न्हाणीघराचा अर्धवट आडोसा हे सर्व त्या साडेसात मीटरांत येते. ही बाब आमच्या वर्गातील एका विद्यार्थिनीने मांडली, आणि दुर्बिणीच्या बैठकीत तोपर्यंत एकाही पुरुषाला ती सुचली नव्हती, हे नमूद करणे भाग आहे. अडसर लावताना वस्तीची बाजू पूर्णतः बंद करावी, असे आम्ही नागरिकांना कळविले आहे.

आमची लेखी शिफारस अशी होती : विशालन २० पट, बदल न होणारे, पदार्थभिंग ६० ते ८० मिमी, जेणेकरून शलाका ३ ते ४ मिमी राहील आणि ढगाळ दिवसांत किंवा संध्याकाळीही दृश्य अंधारणार नाही, सुलट प्रतिमा, चष्म्यासह पाहता येईल अशी नेत्रिका, ८०० मीटरवर कायम जुळवणी, आणि एक लहान मुलांसाठी पायरी. तीवर अपेक्षित प्रतिक्रिया आली. 'एवढ्या वर्गणीत वीसच पट? लोक काय म्हणतील?' वर्गणी देणाऱ्यांची ही शंका आकडेमोडीने फिटणार नाही, हे आम्हाला दिसत होते. म्हणून एक प्रस्ताव ठेवला आहे. खरेदीपूर्वी एप्रिलमध्ये, दुपारी दोन वाजता, सर्व वर्गणीदारांनी टेकडीवर यावे. दोन्ही नेत्रिका तेथे असतील. कोणती किती पटीची हे सांगितले जाणार नाही. प्रत्येकाने पाहावयाचे आणि 'दिसलं' न म्हणता काय दिसले ते सांगावयाचे. आजींनाही निरोप धाडला आहे. दुपारी दोनच्या उन्हात कोण चढणार, यावर सध्या चर्चा चालू आहे.